फाळक्याजवळचं हँडल

तिनं बाही कोपराच्या वर सारली, डोळे मिटले आणि हात पिंपात घातला.

पिंपात तेलकट लोखंड होतं. बिजागऱ्या, कड्या, मुठी, आरशांचे दांडे, कुठल्या कुठल्या गाड्यांच्या दारांचे खटके. वर पडलेलं ती कधीच बघत नसे. वरचं सगळ्यांनी चिवडलेलं असतं. तळाचं मात्र वर्षानुवर्षं एकमेकांना धरून निजलेलं असतं, त्याला हलक्या हातानं जागं करावं लागतं. तिची बोटं एकेका तुकड्यापाशी थांबत, विचारत पुढं सरकत होती. तू कोण? आणि तू? तू गं?

भंगारवाला पायानं एक डबडं बाजूला सारत म्हणाला,

"ताई, डोळे उघडून बघा की. उजेड फुकट आहे माझ्याकडे."

"डोळ्यांना आधी रंग दिसतो," ती म्हणाली. "मला रंग नकोय."

"ऐका! रंग नको म्हणे. मग हवंय तरी काय?"

"हँडल. जुन्या लष्करी ट्रकचं. मागचा फाळका पाडला की वर चढताना धरायला कोपऱ्यावर असतं ना, ते."

"अहो, मग आधी बोलायचं नाही का?" त्यानं पोत्यामागून एक हँडल ओढून काढलं आणि तिच्या मोकळ्या हातात ठेवलं. "हे घ्या. ओरिजिनल. माझ्या मिशीइतकं ओरिजिनल."

तिनं डोळे न उघडताच अंगठा त्यावरून फिरवला.

"मिशीला काय लावता?"

"कलप लावतो."

"याला पण लावलाय."

भंगारवाला इतक्या जोरात हसला की पिंपाच्या काठावरची चिमणी उडाली. पण तिनं त्याचा मान ठेवला. पिशवीतून पुठ्ठ्याचा फर्मा काढला आणि हँडलच्या पायांना लावून बघितला. तो फर्मा इतकी वर्षं पिशवीत फिरून कडांना कापडासारखा मऊ झाला होता. हँडल त्याच्यापुढं आखूड भरलं. तिनं ते पुसून परत दिलं, फर्मा घडी पडणार नाही असा जपून आत ठेवला आणि शेडची वाट धरली.

शेड रस्त्याच्या अगदी शेवटाला होती. तिच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती, त्यांतून उन्हाच्या काड्या खाली उतरायच्या आणि दिवसभर ट्रकच्या अंगावरून सावकाश चालत राहायच्या. सकाळी बोनेटवर, दुपारी हौद्यात, उन्हं कलली की फाळक्यावर. आत शिरताना ती नेहमी पावलं हळू टाकायची, घरात कुणी झोपलं असावं तशी. ट्रक झोपल्यासारखाच दिसायचा. एखादं मोठं, हिरवं, दमलेलं जनावर दूरवरून चालत आलं आहे आणि इथं गुडघे मोडून बसलं आहे, असं तिला वाटे. कधी कधी त्याच्या चाकाला टेकून स्क्रू निवडता निवडता तिचा डोळा लागायचा, आणि मग तिला खूप माणसांच्या हळू बोलण्याचा आवाज यायचा. जागी झाली की पत्र्यावर पारवे असायचे.

"आली का घार?" ट्रकखालून काकांचा आवाज आला.

काका तिचे सख्खे काका नव्हते. आईच्या शिवणयंत्राचा हरवलेला स्क्रू शोधत ती पहिल्यांदा या शेडमध्ये आली होती, आणि काका चष्मा शोधेपर्यंत तिनं त्यांच्याच ढिगातून तो काढून दाखवला होता. काकांनी स्क्रू पाहिला, तिची बोटं पाहिली आणि म्हणाले, "उद्यापासून ये." तेव्हापासून ती घार झाली आणि ते काका झाले. काम वाटलेलं होतं. ती शोधायची, काका ठरवायचे. तिनं काहीही आणलं की काका ते तळहातावर घेत, फिरवून बघत आणि दोनांपैकी एक वाक्य बोलत. "हेच ते", नाहीतर "हे ते नाही". लांबलांबची माणसं रुमालात गुंडाळून नटबोल्ट घेऊन यायची ती या एका वाक्यासाठी. ते वाक्य कधी चुकलं नव्हतं आणि कुणाच्या भिडेखातर बदललंही नव्हतं. "लोखंडाशी खोटं बोललं की ते लक्षात ठेवतं," काका म्हणायचे.

"नाही मिळालं," ती म्हणाली.

"मिळालं असतं तर तुझ्या चपलांचा आवाज वेगळा आला असता." काका सरपटत बाहेर आले, गुडघ्यावर हात देऊन उभे राहिले. हल्ली त्यांची बोटं सकाळी उघडायला वेळ घ्यायची. "बस. चहा टाकतो."

चहा नेहमी काकाच करायचे. ती ट्रकच्या मागच्या उजव्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली. बाकी सगळा ट्रक जमला होता. काच घट्ट बसवणाऱ्या पाचरा, ताडपत्रीच्या कड्या, बोनेटचे खटके, एकरेघी डोक्याचे स्क्रू. ज्या कारखान्यातून ट्रक निघाला त्याच कारखान्याचं सगळं. डाव्या कोपऱ्यावरचं हँडलसुद्धा जागच्या जागी होतं. उजव्या कोपऱ्याच्या लाकडी खांबावर मात्र दोन डाग होते, एक लांबट, एक गोल. तिथलं हँडल कुणीतरी कधीतरी काढून नेलं होतं, त्याच्या पायांचे ठसे तेवढे राहिले होते. डावं हँडल उजवीकडे चालण्यातलं नव्हतं. जाड हातमोजा घातलेला हात मावावा म्हणून त्याची मान बाहेरच्या अंगाला किंचित वळवलेली असते; डाव्याची डावीकडे, उजव्याची उजवीकडे.

आणि खालच्या गोल ठशात तीन भोकं होती. दोन सरळ, कारखान्याची. तिसरं बाजूला, तिरकं, घाईचं.

त्या भोकावरून काका एकदा बराच वेळ अंगठा फिरवत बसले होते. "हे रस्त्यात पाडलंय कुणीतरी," ते म्हणाले होते. "स्क्रू सैल झाले असतील. हाताशी धड हत्यार नसेल, थांबायला वेळ नसेल. पण धरणाऱ्याचा हात निसटू नये म्हणून पाडलं बिचाऱ्यानं. भला माणूस असणार."

"मग आपल्याला तीन भोकांचं शोधायचं?"

"छे! तसं जगात एकच असेल, ते कुठलं मिळायला. त्या कारखान्याचं दोन भोकांचं मिळालं तरी गंगेत घोडं न्हालं." तरी फर्मा कापताना काकांनी तिसरं भोकही पाडलं होतं. ठसा म्हणजे ठसा.

ज्यांच्यासाठी ट्रक जुळवणं चाललं होतं ते संग्रहालयवाले अधूनमधून फोन करायचे. काका, एवढ्याशा हँडलासाठी गाडी अडवून ठेवलीत, लोहाराकडून करून घ्या की तसंच, कोण बघतंय? काका ट्रककडे बघत म्हणायचे, "ही बघतेय ना." फोन ठेवल्यावर तिला म्हणायचे, "त्यांना काय, चार चाकं आणि हिरवा रंग दिसला की झालं. माझं ठरलंय. नक्कल लावणार नाही, आणि पूर्ण झाल्याशिवाय हिला दाराबाहेर काढणार नाही." मग जरा थांबून, बोटं चोळत, "जन्मभर अर्ध्यामुर्ध्या गाड्या जोडून दिल्या गं. कुणाला घाई, कुणाला हौस. एक तरी सगळीच्या सगळी जाऊ दे माझ्या हातून. मग दाराला कुलूप लावतो आणि लेकीकडे जाऊन उन्हात बसतो."

हे ऐकलं त्याच दिवशी तिनं मनाशी एक नेम धरला होता. कुणाला सांगितला नव्हता. पण चहा काका करायचे, त्यांच्यापासून काय लपणार?

आता त्यांनी दोन कप आणून फाळक्यावर ठेवले. एकात साखर घालून खळखळ ढवळलं. दुसऱ्यावर चमचा नुसता धरून तिच्याकडे बघितलं.

"अजून बिनसाखरेचाच?"

"अजून बिनसाखरेचाच."

"गाडी माझी, हट्ट माझा आणि तोंड कडू तुझं. हा कुठला न्याय?"

"नेम आहे, काका."

"मोड की एक दिवस. देव काय चमचे मोजत बसलाय?"

"नेम मोडायचा नसतो. सुटायचा असतो," ती हसून म्हणाली. "हँडल मिळालं की आपोआप सुटेल."

"हट्टी आहेस."

"तुमच्याकडेच शिकले."

काकांनी चमचा परत डब्यात टाकला.

घरी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या कंबरेनं पूर्वीच हात टेकले होते. पलंगावरून उठणं म्हणजे दिवसातलं मोठं काम. पण ते ती कुणाला करू द्यायची नाही. पलंगाच्या उशाशी भिंतीत एक लाकडी फळी बसवलेली होती आणि तिच्यावर एक जाड हँडल. वडिलांनी लावलेलं. फौजेतून पाय अधू होऊन आले तेव्हा त्यांनी ते स्वतःसाठी लावलं होतं, आणि ते गेल्यावर त्यांची बाजूही आईकडे आली आणि हँडलही. थंडीत लोखंड गार लागतं म्हणून त्यावर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळलेली असायची. पट्टी मळली की ती बदलायची. घराला रंग दिला की त्यालाही दिला जायचा.

रोज सकाळी आई पहिल्यांदा त्यालाच हात घाली. हात घालून डोळे मिटून क्षणभर पडून राही, मग पुटपुटे, "घ्या वर," आणि उठून बसे. लहानपणापासून तिनं हे ऐकलं होतं. देवाला म्हणत असेल, असं ती समजून चालली होती.

"मिळाला का तुमचा तो लोखंडाचा तुकडा?" आईनं विचारलं. ती स्वतःच घरी शेडमधल्या सगळ्या वस्तूंना लोखंडाचा तुकडा म्हणायची. नाहीतर आई खोदून खोदून विचारत बसायची.

"नाही."

"मला ने एकदा. डोळे मिटून हातच घालायचा ना पिंपात? माझे तर मिटलेलेच असतात."

"तू आधी पिंपापर्यंत ये."

"उचलून ने. एवढे बोल्ट उचलतेस, आई जड झाली का?"

ती हसत आत गेली. आईचा आवाज मागून आला, "आणि चहात साखर घाल आता. वाळून चाललीस." म्हणजे इथंही लपलेलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं पट्ट्या धुवायला काढल्या. आई जेवून झोपली होती. खिडकीचा पडदा वाऱ्यानं आत येत होता, बाहेर जात होता, जणू खोलीच श्वास घेत होती. ती आईच्या उशाशी पलंगाच्या कडेला टेकली आणि हँडलवरची पट्टी सोडवायला लागली. एक वेढा, दुसरा वेढा. तिच्याही डोळ्यांवर झापड आली होती. पडदा आत, पडदा बाहेर. शेवटचा वेढा सुटून पट्टी मांडीवर पडली. तिचे डोळे मिटले होते, आणि हात सवयीनं उघड्या लोखंडावरून सरकत गेला.

तू कोण?

बोटं थांबली.

वरची मान किंचित बाहेर वळलेली होती. जाड हातमोजा मावेल इतकी. वळण उजवं होतं. बोटं खाली उतरली. रंगाच्या थरांखाली एक लांबट पाय, मग पोटाचा बाक, मग एक गोल पाय. त्याच्यावर रंगानं बुजलेली स्क्रूंची डोकी. एक. दुसरं. आणि बाजूला, तिरकं, तिसरं.

तिनं डोळे उघडले नाहीत. उघडले तर भिंतीच्या रंगाचं, पिवळट, रोजचं काहीतरी दिसेल आणि हे निघून जाईल, अशी तिला भीती वाटली. तशीच ती बसून राहिली. पडदा आत आला, तिच्या दंडाला लागला, बाहेर गेला. मग तिनं चाचपडत पिशवी ओढली, फर्मा काढला आणि लोखंडावर टेकवला. मऊ झालेला पुठ्ठा जागच्या जागी बसला. कुठं आखूड नाही, कुठं लांब नाही. तिसऱ्या भोकातून तिच्या बोटाला स्क्रूचं डोकं लागलं.

"काय गं, त्याच्याशी काय बोलतेस?" आई जागी झाली होती.

"आई," तिनं डोळे उघडले. "बाबांनी हे कुठून आणलं?"

"गाडीवरून."

"कुठल्या गाडीवरून?"

"त्यांच्या. आपल्याकडे दुसरी कुठली गाडी होती?" आई छताकडे बघत म्हणाली. "फौजेत चालवायचे ना ते. पायामुळे घरी आले, त्याच सुमाराला गाडीही मोडीत निघाली. कळल्यावर कुबडी घेऊन गेले तिला बघायला. येताना खिशात हे. मी म्हटलं, माणसं बाहेरून येताना खाऊ आणतात, तुम्ही लोखंड आणलंत!"

"न विचारता आणलं?"

"म्हणजे चोरलं म्हणतेस?" आईला हसू आलं. "अगं, निरोप घ्यायला गेलेले. काहीतरी हातात येतंच. म्हणाले, याला धरून जेवढे वर चढले त्यांतला एकही हात सुटला नाही. आता मला घेऊ दे वर."

म्हणजे आईचं रोजचं 'घ्या वर' देवाला नव्हतंच.

"आणि हे तिरकं भोक?"

"ते त्यांनीच पाडलेलं. सैल झालं होतं म्हणे, आणि खाली माणसं उभी. सरळ पाडायला वेळ होता कुणाला? लाज वाटायची त्यांना त्याची. इथं लावतानासुद्धा म्हणाले, तेवढं एक काही नीट जमलं नाही बघ."

तिनं फर्मा आईच्या हातात दिला. आईनं तो उलटसुलट केला, मग भिंतीकडे बघितलं, मग लेकीकडे.

"अगंबाई," ती म्हणाली. "काखेत कळसा!"

आणि मग दोघीही हसल्या. मग आईनं फर्मा तिच्या हातात परत दिला.

"काकांची गाडी यावरच अडलीय?"

"हं."

"मग काढ."

"आणि तू?"

"मला तू आहेस की."

"मी दिवसभर बाहेर असते, आई."

"मग तू येईपर्यंत पडून राहीन. कुठं मला लढायला जायचंय? इतकी वर्षं उसनं धरून होते, आता ज्याचं त्याला जाऊ दे. तो माणूस म्हातारा झाला, तू सांगतेस. त्याला एक गाडी पुरी करू दे."

"बघू," ती म्हणाली आणि दुसरी, धुतलेली पट्टी गुंडाळायला घेतली. आईनं तिच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि उशीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं हँडलला हात लावला नाही. तिला हाक मारली आणि हात पुढं केला. "घे वर," म्हणाली. त्या हातात किती थोडं वजन होतं आणि ते उचलायला किती जपावं लागलं! आईनं ओठ आवळून कळ गिळली, बसती झाली आणि म्हणाली, "झालं. काही अवघड नाही." तिच्या कपाळावर घाम होता.

स्क्रू सहजी निघाले नाहीत. रंग खरवडून, तेल सोडून, वाट बघून एकेक काढावा लागला. शेवटचा, तिरका, आईच्या डोळ्यांदेखत सुटला. फळीवर दोन डाग उरले, एक लांबट, एक गोल.

शेडकडे जाताना पिशवी तिनं छातीशी धरली होती. दाराशी पोचली तेव्हा काका बाहेरच उभे होते.

"चपलांचा आवाज वेगळा येतोय," ते म्हणाले.

तिनं पिशवी उघडली. काकांनी हँडल दोन्ही हातांत घेतलं, जसं कुणी झोपलेलं मूल घेतं. आत नेलं, फाळक्यापाशी, जिथं उन्हाची एक काडी उतरली होती. चष्मा कपाळावर चढवला आणि हँडल डोळ्यांजवळ नेलं. नखानं एका कडेचा रंग उचलला. पिवळट. त्याखाली निळा. त्याखाली पांढरा. त्याखाली हिरवा.

काकांचा श्वास तिला ऐकू आला.

"कुठं मिळालं?"

"घरी."

"घरी कुठं?"

"आईच्या उशाशी. वडिलांनी लावलेलं. ते ट्रक चालवायचे, फौजेत." ती पुढं बोलणार होती, पण काकांनी हँडलच्या पोटाचा बाक बोटांनी धरला होता. तिथला रंग गुळगुळीत झिजून गेला होता. पट्टीचा एक धागा अजून चिकटलेला होता.

"याला धरून उठते?"

"हो."

"मग आज कशी उठली?"

"मी उठवलं."

"आणि तू इथं आलीस की?"

वर पारवे घुमत होते.

काकांनी हात पुढं केला. तिनं फर्मा दिला. त्यांनी तो हँडलच्या खालच्या पायावर ठेवला आणि दोन्ही मिळून उन्हाच्या काडीखाली धरलं. पुठ्ठा आणि लोखंड एकमेकांवर असे बसले की मध्ये नखही गेलं नसतं. ऊन तिन्ही भोकांतून आरपार गेलं आणि काकांच्या तळहातावर उतरलं. दोन ठिपके एका रेषेत. तिसरा बाजूला, तिरका.

काका त्या तीन ठिपक्यांकडे बघत राहिले. ट्रकही श्वास रोखून राहिल्यासारखा वाटला. उन्हाची काडी थोडी सरकली, ठिपके त्यांच्या बोटांपर्यंत गेले. तेव्हा काकांनी मूठ मिटली.

"हे ते नाही," ते म्हणाले.

"काका!"

"नाही. जुळत नाही."

"तिसरं भोक..."

"तिरकं आहे. पण ते वेगळ्या अंगानं तिरकं आहे." काकांनी फर्मा घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला. तिनं तो कधी घडी घालू दिला नव्हता. "माझे डोळे अजून शाबूत आहेत."

ते फडताळाशी गेले. वरच्या कप्प्यातली एक काडेपेटी काढली. तिला ती काडेपेटी माहीत होती. तिच्यात या उजव्या कोपऱ्यासाठी कधीपासून जपून ठेवलेले स्क्रू होते, एकरेघी, त्याच कारखान्याचे. तिनंच एकेक शोधून आणलेले. काकांनी पेटी आणि हँडल दोन्ही तिच्या पिशवीत ठेवली.

"घेऊन जा. होतं तिथं लाव. आणि घट्ट पिळ. जुन्या फळीत जुने स्क्रू परत धरत नाहीत."

"काका, मग गाडी?"

"मोठं दार उघड जरा. अडसर काढ." ते ट्रकभोवती एक फेरी मारून आले, वाटेत बोनेटवर हात टेकवत, दारावर टेकवत, फाळक्यावर टेकवत. "आणि संग्रहालयवाल्यांना कळव. म्हणावं, येऊन घेऊन जा. किती दिवस उभी राहील बिचारी? तिलाही पाय मोकळे करावेसे वाटत असतील."

"आणि उजवा कोपरा?"

"राहू दे तसाच. नक्कल लावायची नाही कुणी, एवढं सांग त्यांना." काकांनी त्या तिरक्या भोकावर अंगठा टेकवला. "म्हणावं, इथलं हँडल कामावर आहे."

अडसर वर्षानुवर्षं हलला नव्हता. तिनं दोन्ही हातांनी ओढला. दाराची कवाडं करकरत बाजूला झाली आणि उजेड एकदमच आत आला. उन्हाच्या काड्या त्यात विरघळून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ट्रक पूर्ण उजेडात पाहिला. त्याचा हिरवा रंग तिला ओळखीचा वाटला.

काकांनी चहा आणला. फाळक्यावर दोन कप ठेवले. एकात साखर घातली, खळखळ ढवळलं. मग चमचा पुन्हा डब्यात बुडवला, काठोकाठ भरून काढला आणि दुसऱ्या कपात घातला.

"काका, माझ्यात..."

"पी," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "आणि लवकर नीघ. आई वाट बघत असेल उठायची."

तिनं कप उचलला. पिशवी मांडीवर होती, जड, तिच्या अंगाच्या उबेनं कोमट झालेली. काका पाठमोरे होऊन उजव्या कोपऱ्यावरचे ते दोन डाग फडक्यानं पुसत होते, खांबाला रंग देण्याआधी पुसतात तसे नाही, काचेवरचं धुकं पुसतात तसे. तिनं एक घोट घेतला, आणि तो गिळायची घाई केली नाही.